बिननांगीचा विंचू

मित्रहो, कोळी-विंचवांचा अभ्यास करणाऱ्याला लोक दोन कारणांनी शोधत येतात. एक, काहीतरी चावलं म्हणून. आणि दुसरं, मोबाइलमध्ये एक धूसर फोटो आहे म्हणून. आज ज्याच्याविषयी बोलायचंय तो पहिल्या कारणात बसत नाही, कारण तो माणसाला चावतच नाही. दुसऱ्या कारणात मात्र तो हमखास असतो. फोटोत बेसिन नाहीतर भिंत, मधोमध एक तपकिरी ठिपका, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात धास्ती: "विंचवाचं पिल्लू आहे का हो? म्हणजे आई पण घरातच असेल!"

नाही. आई घरात नाही, कारण हे विंचवाचं पिल्लूच नाही. खात्री करायला सोपी खूण आहे. विंचवाचं पिल्लू जन्मतःच शेपटी आणि नांगी घेऊन येतं आणि पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर बसून राहतं. बिनशेपटीचं विंचवाचं पिल्लू जगात कुठेच नसतं. तेव्हा पुढे दोन चिमटे आहेत, आठ पाय आहेत, पण मागचा भाग गोलसर, चपटा आणि तिथेच संपलेला, असं दिसलं की समजायचं, हा छद्मविंचू. विंचू, कोळी, गोचीड, धुळीतले माइट म्हणजे दिसतील न दिसतील असे बारीक जीव, ही सगळी ज्या आठ पायांच्या वर्गातली मंडळी, त्याच वर्गातला हाही. पण गण वेगळा, खानदान वेगळं. जगभरात याच्या चार हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. बहुतेक जाती २ ते ८ मिलिमीटरच्या आत आटपतात. सगळ्यात मोठी जात अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटाजवळ सापडते आणि ती मोठी म्हणजे किती, तर जेमतेम १२ मिलिमीटर! घरात जो दिसतो तो बहुधा केलिफर कँक्रॉइडिस, अंगाने तिळाएवढा. माणसाच्या मागोमाग हा जवळजवळ सगळ्या जगात पोचला आहे.

माणसाची आणि याची ओळख जुनी आहे. अॅरिस्टॉटलने प्राण्यांविषयी लिहिताना, पुस्तकांत सापडणारे, बिनशेपटीच्या विंचवांसारखे अगदी बारीक जीव असतात अशी नोंद केली आहे. पुढे १६६५ साली रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ आला. पिसू, उवा, माशीचे डोळे असं काय काय सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्याने त्यात चितारलं आहे. त्यात हाही आहे. सप्टेंबरातल्या एका दिवशी हुक वाचत बसला होता आणि त्याच पुस्तकावरून हा अगदी सावकाश चालत आला. हुकला तो खेकड्यासारखा वाटला. त्याचं एक निरीक्षण मला फार आवडतं. डोळे बांधलेला माणूस भिंतीवर आपटू या भीतीने जसे हात पुढे चाचपत जातो, तसा हा आपले चिमटे पुढे करून चालतो, असं त्याने लिहिलं. आणि समोर केस धरला की हा तो पकडतो, हेही त्याने करून पाहिलं. १७५८ मध्ये, जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने याला शास्त्रीय नाव दिलं खरं, पण टाकलं माइटच्या पंगतीत. आकार बघून फसला असावा.

हुकने जे केलं ते तुम्हीही करू शकता. घरात हा दिसला तर झाडूकडे धावू नका. एक पांढरा कागद घ्या, त्यावर त्याला येऊ द्या आणि साधं भिंग घेऊन बसा. आधी तो हलणारच नाही. पाय आवळून, चिमटे अंगाशी घेऊन मेल्याचं सोंग करेल. मग एक चिमटा सरळ होईल, मग दुसरा. चालायला लागला की दोन्ही चिमटे पुढे, हवेत, किंचित डावी-उजवीकडे. त्या चिमट्यांवर लांब, बारीक केस दिसतील. हे केस म्हणजेच त्याची खरी जाणीव. केलिफरला डोळे दोनच, तेही कामचलाऊ. पुष्कळ जातींना तर मुळीच नाहीत. शेजारून किडा चालला तर हवेत जी हालचाल होते ती या केसांना कळते. आता ब्रशचं टोक हळूच त्याच्या पुढ्यात न्या. तो वळून पळणार नाही. तोंड तुमच्याकडेच ठेवून सरळ मागे सुटेल, तेही पुढे चालताना कधी दाखवली नव्हती अशा वेगाने. मी कितीतरी लोकांना हे दाखवलं आहे. हसला नाही असा माणूस विरळा.

या चिमट्यांत विष आहे. हो, हे ऐकल्यावर समोरच्या रांगेत चुळबुळ झाली ती दिसली मला. विंचवाचं विष शेपटीच्या टोकाला, कोळ्याचं तोंडापाशी आणि याचं चिमट्याच्या बोटात, अशी निसर्गाने वाटणी केली आहे. सगळ्याच छद्मविंचवांना विष नसतं, पण केलिफरला असतं. ते किती? माइट लुळा पडेल इतकं. तुमच्या कातडीत घुसण्याइतकी त्या चिमट्याची ताकदच नाही. तो रक्त पीत नाही, रोग पसरवत नाही, अन्नात तोंड घालत नाही, कपडे-कागद कुरतडत नाही. ढेकूण आणि गोचिडीशी त्याची गल्लत करून लोक घरभर औषध मारतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं, कारण मरतो तो नेमका आपल्या बाजूचा.

शिकारीची पद्धत अशी. भक्ष्य टप्प्यात आलं की चिमट्याने झडप, विष, आणि ते तोंडाशी ओढायचं. तोंडापाशी आणखी एक छोट्या चिमट्यांची जोडी असते, तिने भक्ष्याच्या अंगाला भोक पाडायचं. मग पाचकरस आत सोडायचा, आतला ऐवज पातळ झाला की शोषून घ्यायचा. मागे उरतं रिकामं टरफल. यात बराच वेळ जातो आणि जेवण झाल्यावर हा गडी तोंडाचे अवयव साफ करत बसतो. याच्या ताटात काय काय येतं ते ऐका: धुळीतले माइट, लोकर खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या, कपड्यांना लागणाऱ्या कसरीच्या अळ्या, बारीक मुंग्या, आणि विशेष करून ते बुकलाइस म्हणतात ते. जुनं पुस्तक उघडल्यावर पानावरून सुरसुरत जाणारा पांढुरका, दिसेल न दिसेल असा किडा असतो ना, तोच.

इथे जरा थांबतो, कारण आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. हे बुकलाइस पुस्तक वाचायला येत नाहीत; ते बुरशी खातात, बांधणीतली खळ खातात. बुरशी येते दमटपणामुळे. छद्मविंचूही कोरड्या हवेत तग धरत नाही. म्हणून तो न्हाणीघरात, बेसिनमध्ये, पाणी झिरपणाऱ्या भिंतीपाशी दिसतो. बेसिनच्या गुळगुळीत उतारावर त्याला चढता येत नाही, म्हणून तिथे अडकून पडतो आणि नेमका तिथेच तुमच्या नजरेस येतो. म्हणजे हा दिसला याचा अर्थ त्याचं जेवण आधीच घरात मुक्कामाला आहे, आणि त्या जेवणाला जगवणारी ओल त्याच्याही आधीपासून आहे. एखादा दिसला तर काही करू नका. वारंवार दिसायला लागले तर मात्र त्यांच्यामागे न लागता कपाटामागची भिंत हाताने चाचपून बघा. नळाचा सांधा बघा. पुस्तकं भिंतीला अगदी चिकटवून ठेवली असतील तर मधे बोटभर जागा सोडा. ओल गेली की बुरशी जाते, बुरशी गेली की बुकलाइस, आणि खायला काही उरलं नाही की हाही आपणहून नाहीसा होतो.

आता कुणीतरी मनात म्हणत असेल, की हा इतका सावकाश चालणारा प्राणी वरच्या मजल्यावर पोचतो कसा? पंख नाहीत, उडी नाही. उत्तर आहे: फुकट प्रवास. माशी बसली की तिचा पाय चिमट्यात धरायचा आणि ती नेईल तिथे जायचं. माशीच्या पायाला लोंबकळणारा छद्मविंचू भिंगाखाली पाहिला तर आधी वाटतं की शिकारीचा अंदाज चुकला. काही वेळा तसंही होत असेल. पण ही युक्ती फार जुनी आहे. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या बाल्टिक अंबरमध्ये, म्हणजे गोठलेल्या राळेत, किड्यांना धरून बसलेले छद्मविंचू जसेच्या तसे सापडले आहेत.

या प्रवासाचा सगळ्यात झकास नमुना मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आहे. तिथे हार्लेक्विन बीटल नावाचा भलामोठा, रंगीत नक्षीचा भुंगेरा असतो, सात सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. त्याच्या पंखांखाली कॉर्डिलोकर्निस नावाचे छद्मविंचू बसतात आणि एका कुजलेल्या झाडावरून दुसऱ्या, नुकत्याच पडलेल्या झाडावर जातात. डेव्हिड झेह आणि जीन झेह या दांपत्याने पनामाकडे यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना आढळलं की दांडगे नर प्रवास संपला तरी उतरत नाहीत. ते भुंगेऱ्याच्या पाठीवर कब्जा करतात, दुसऱ्या नरांना हुसकावतात आणि तिथे चढणाऱ्या माद्यांशी जुळवतात. चालत्या वाहनावर संसार थाटणारे हे बहाद्दर!

आपल्या घरातला केलिफर एवढा धटिंगण नाही. त्याचं प्रियाराधन संयमाचं असतं. पीटर वेगोल्ट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने छद्मविंचवांच्या जीवनावर १९६९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. अशा गोष्टी आपल्याला तपशिलात कळल्या त्या त्याच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे. केलिफरचा नर मादीसमोर थरथरतो, पोटाखालून मेंढ्याच्या शिंगांसारखे दोन अवयव बाहेर काढून दाखवतो, मागे-पुढे नाचतो. मादी राजी झाली की जमिनीवर एक बारीक देठ उभा करतो आणि त्या टोकाला शुक्राणूंची पुडी ठेवतो. मग मागे सरकतो, मादी पुढे येते, आणि तो पुढच्या पायांनी तिला नीट त्या जागेवर आणतो.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तर छद्मविंचवाचं पोटाखाली. मादी वीस ते चाळीस अंडी एका पिशवीत घालते आणि ती पिशवी पोटाला चिकटवूनच हिंडते. नुसती वाहत नाही. तिच्या अंडाशयातून एक पौष्टिक द्रव त्या पिशवीत उतरतो आणि आतले गर्भ तो पिऊन फुगतात. ब्राझीलमध्ये पॅराटेम्नॉइडिस नावाची एक जात सालीखाली कळप करून राहते; तिथे अन्नाचा दुष्काळ पडला की आई घरट्याबाहेर येऊन चिमटे वर करून उभी राहते आणि पिल्लं तिलाच शोषून घेतात. आपल्या घरातल्या जातीवर अशी वेळ आल्याचं ऐकिवात नाही.

पिल्लू तीनदा कात टाकतं, मग प्रौढ होतं. कात टाकताना अंग मऊ पडतं, कुणीही खाऊन टाकेल. म्हणून त्याआधी तो स्वतःला कोंडून घेतो. ही खोली रेशमाची. कोळ्याचं रेशीम पोटाच्या मागच्या टोकाकडून येतं, याचं तोंडापाशच्या छोट्या चिमट्यांतून. धुळीचे कण, लाकडाचा भुसा, जे मिळेल ते त्या रेशमाने सांधून तो एक छोटी घुमटी बांधतो आणि आतून बंद करून घेतो. पुस्तकांचं कपाट झाडताना, कोपऱ्यात एखादी दोन-तीन मिलिमीटरची चपटी, धुळकट टिकली चिकटलेली दिसली तर नखाने उकरायच्या आधी भिंग लावून बघा. एवढ्याशा जिवाचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं असतं, आणि वंश तर विचारूच नका. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या गिल्बोआ इथे सापडलेला छद्मविंचवाचा जीवाश्म सुमारे अडतीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा डायनोसॉर यायला अजून पंधरा कोटी वर्षं होती. चिमटे मात्र तेव्हाही असेच होते.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: मुलांना दाखवायला हा काही दिवस ठेवता येईल का? येईल. झाकणाला सुईने भोकं पाडलेली पारदर्शक डबी घ्या, तळाशी सुरकुतलेला कागद टाका, एका कोपऱ्यात ओलसर कापूस ठेवा. ओला चिंब नको, नाहीतर तो पाण्याच्या थेंबातच अडकेल. खायला कपाटातले बुकलाइस ब्रशने टिपून सोडा. पाहून झालं की बाहेर एखाद्या झाडाच्या सुट्या सालीखाली, नाहीतर सरळ पुस्तकांच्या कपाटातच परत सोडा. आणि दोन सापडले तर एका डबीत ठेवू नका. भूक लागली की ते एकमेकांनाही सोडत नाहीत.