ऑक्टोबरच्या शिंका

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस माघारी गेला, ऊन तापू लागलं आणि नाशकात घरोघरी सकाळच्या शिंका सुरू झाल्या. सर्दी झाली म्हणून आपण काढा उकळतो. पण सर्दी आठवडा-दहा दिवसांत उतरते. ताप नाही, नाक पाण्यासारखं गळतंय, डोळे आणि टाळू खाजतेय आणि हे तीन-तीन आठवडे चाललंय, तर ती अ‍ॅलर्जी समजावी.

या अ‍ॅलर्जीचं घराबाहेरचं एक कारण म्हणजे गाजर गवत. मोकळ्या प्लॉटवर बारीक पांढऱ्या फुलांचं हे गवत माजलेलं दिसेल. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली, आता ते कुठे नाही ते विचारा! उपटायचं ते फुलोऱ्याआधी, माती ओली असताना, मुळासकट, हातमोजे घालून. उघड्या हाताने उपटलं तर अंगावर खाज आणि पुरळ उठतं. आता ते फुललंय, तेव्हा ज्याला त्रास आहे त्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावं. निफाड-दिंडोरीकडे सोयाबीनच्या मळणीयंत्राजवळ उभं राहणाऱ्यांनी रुमालावर भागवू नये, नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा.

घरात मुख्य गुन्हेगार म्हणजे दिवाळीची साफसफाई. पावसाळाभर माळ्यावर पडलेल्या गोधड्यांत धुळीतले सूक्ष्म किडे आणि बुरशी असते. कोरड्या झाडूने ते सगळं हवेत उडतं, म्हणून ओलं फडकं वापरा. गादीला ऊन दाखवल्याने ती कोरडी होते, पण किड्यांची विष्ठा आतच राहते आणि अ‍ॅलर्जी मुख्यतः तिचीच असते. चादरी आणि अभ्रे दर आठवड्याला ६० अंश गरम पाण्यात धुवा.

नाक धुवायला २५० मिली पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ घाला. नळाचं कच्चं पाणी नाकात नको.

आता औषधं, इथेच जास्त घोळ होतो. नाक चटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब तीन ते पाच दिवसच वापरायचे. पुढे चालू ठेवले, तर थेंबाचा असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग पुन्हा थेंब. हे चक्र महिनोन् महिने चालतं.

डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा वेगळा. तो रोज घ्यायचा, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. बरेच जण दुसऱ्याच दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून बाटली ठेवून देतात. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, टोक कानाच्या दिशेने. नाकाच्या मधल्या पडद्यावर फवारा बसला की पडदा सुकतो आणि रक्त येतं. जोरात ओढू नका, औषध नाकाऐवजी घशात उतरतं.

अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांपैकी सेटिरिझिनने झोप येते, ती घेऊन दुचाकी चालवू नका. फेक्सोफेनाडिनने सहसा गुंगी येत नाही, पण ती पाण्याबरोबरच घ्या. फळांच्या रसाने तिचा असर घटतो.

छातीत शिट्टी वाजतेय, धाप लागतेय किंवा रात्री खोकल्याने जाग येतेय, तर हा दमा असू शकतो. नाकाच्या गोळीवर विसंबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि बोलताना एक वाक्यही पुरं होत नसेल, तर १०८ लावा.