मिळेल ती भूमिका कराल का?

(दृश्य: शाळेचं सभागृह. व्हरांड्यात घडीच्या खुर्च्या.)

संध्याकाळचे साडेसहा. अमेरिकेतलं एक लहान गाव. कुणी बँकेतून थेट इथे आलंय, कुणी इस्पितळाच्या कपड्यांतच. प्रत्येकाच्या छातीवर एक नंबर चिकटवलेला. कोपऱ्यात एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून सूर लावतायत.

यांतलं कोण कोण टायटॅनिकवर चढणार, ते आज ठरायचंय.

गावातली हौशी मंडळी संगीत नाटक बसवतायत, त्याचं नाव 'टायटॅनिक'च. संगीत आणि गीतं मॉरी येस्टन यांची, संहिता पीटर स्टोन यांची. एप्रिल १९९७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलं. गाजलेला चित्रपट नाटकानंतर आठ महिन्यांनी आला. तरी ऑडिशनला कुणीतरी विचारतंच, चित्रपटातले नायक-नायिका, जॅक आणि रोझ, कोण करणार? ते दोघं या जहाजावर नाहीतच.

(दृश्य: अर्ज भरणारे हात.)

अर्जात नेहमीचंच सगळं. नाव, आवाजाची पट्टी, तालमीला कधी येता येणार नाही. दाढी काढायची तयारी आहे का? आणि शेवटी, मिळेल ती भूमिका कराल का?

इथे बरेच जण घुटमळतात. पण या नाटकाला खरी गरज आहे ती याच प्रश्नाच्या उत्तराची. आपल्या संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाला जरा चुकल्यासारखं होतं: नायकाची दमदार एंट्री नाही, नायिकेचं पद नाही, वन्स मोअर घ्यायला कुणी एकटा पुढे येत नाही. पडदा उघडल्यावर धक्क्यावर आधी कोळसेवाले आणि खलाशी येतात, मग तिसऱ्या वर्गाचे, दुसऱ्या वर्गाचे, शेवटी शेठ लोक. एकेक थर चढत जातो आणि जहाज सुटताना अख्खा संच एकत्र गातो.

(दृश्य: पियानो. एक तरुणी स्वरलिपीची पानं पुढे करते.)

प्रत्येकाला सोळा बार, म्हणजे तालाची सोळा छोटी आवर्तनं, गायला मिळतात. जेमतेम अर्धा मिनिट. श्वास बसेपर्यंत 'थँक यू' ऐकू येतं.

खरी गंमत दुसऱ्या फेरीत. चौघांना शेजारी उभं करतात, चौघांचे सूर वेगळे, आणि एकत्र गायला सांगतात. संगीत दिग्दर्शिका डोळे मिटून बसते. मघाशी छत हादरवणारे गृहस्थ इथे अडचणीत येतात, कारण त्यांना शेजारचा ऐकूच येत नाही. एकट्यानं जिंकायची सवय या नाटकात नडते.

आणखी एक पंचाईत. नाटकाला पुरुष लागतात भरपूर. कप्तान, अधिकारी, टेहळ्या, कोळसेवाले, वाढपी. हौशी मंडळींकडे मात्र बायका उदंड आणि पुरुषांची वानवा. मग मुलीला सोडायला आलेल्या बापालाही विचारतात, तुम्ही गाता का हो?

(दृश्य: दोन तरुण, हातात संहितेची पानं.)

पाठांतर न करता वाचायचा प्रवेश. कोळसेवाला फ्रेडरिक बॅरेट वायरलेसच्या खोलीत येतो. घरच्या मैत्रिणीला लग्नाची मागणी तारेनं पाठवायचीय. यंत्रापाशी हॅरल्ड ब्राइड. एक प्रेमाबद्दल गातो, दुसरा आकाशातून येणाऱ्या ठिपक्या-रेघांबद्दल.

तार कल्पनेतली, माणसं खरी. ब्राइड वाचला. बॅरेटही वाचला आणि पुन्हा बॉयलरपाशीच कामाला लागला. अमेरिकेच्या सिनेटची चौकशी चालू होती, तेव्हा चौकशीचे प्रमुख सिनेटर स्मिथ बॅरेटची साक्ष घ्यायला 'ऑलिंपिक' या टायटॅनिकच्या भावंड जहाजाच्या तळाशी उतरले होते. इथे पानं धरून उभ्या असलेल्या पोराला यातलं काही माहीत नसेल. अजून नसलेलंच बरं.

(दृश्य: एक वयस्क स्त्री, एक वयस्क पुरुष.)

आणि हे दोघं. साठी ओलांडलेल्यांना संगीत नाटकात सहसा आजी-आजोबांच्या दोन ओळी मिळतात. इथे स्ट्राउस दांपत्य आहे. इसिडोर स्ट्राउस, न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाचे एक मालक, आणि पत्नी आयडा. नवऱ्याला मागे ठेवून आयडाबाई नावेत बसल्या नाहीत. दुसऱ्या अंकात दोघांचं एक गाणं आहे.

या दोघांची ओळख होऊन दहा मिनिटं झाली आहेत आणि चाळीस वर्षांचा संसार दाखवायचाय. बाईंनी हात पुढे केला. त्या गृहस्थांनी आधी चष्मा काढला, मग तो हात धरला. दिग्दर्शकानं मध्येच थांबवलं नाही.

(दृश्य: रिकामा रंगमंच, मोजपट्टी घेऊन सुतार.)

ब्रॉडवेवर जहाज खरोखर कलायचं. सुरुवातीच्या खेळांत ते बुडायलाच तयार नसे. यंत्रणा अडायची आणि वर्तमानपत्रांना आयतं खाद्य मिळायचं. पुढे याच नाटकाला टोनी या ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्कारांची पाच नामांकनं मिळाली, पाचही पुरस्कार मिळाले आणि ८०४ प्रयोग झाले. २०१३ मध्ये लंडनच्या साउथवर्क प्लेहाउसनं ते वीस नटांत बसवलं, तेव्हापासून छोट्या मंडळींना धीर आला. इथे यंत्रबिंत्र काही नाही. एक लाकडी उतार, दोन शिड्या.

(दृश्य: रात्र. मोबाइलचा उजेड.)

अकराच्या सुमारास यादी येते. भिंतीकडे तोंड करून गाणाऱ्या गृहस्थांना कप्तान व्हायचं होतं. त्यांच्या नावापुढे दोन भूमिका आहेत: कोळसेवाला, आणि पहिल्या वर्गातला एक लक्षाधीश. मध्ये तोंडाची काजळी पुसून कोट चढवायला एका गाण्याएवढा वेळ.

अर्जावर त्यांनी 'हो' लिहिलं होतं.