ताईंची पहिली ते चौथी

(दृश्य: पेडणे तालुक्यातली शाळा, सकाळ)

पेडणे तालुक्यातली ही सरकारी प्राथमिक शाळा. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, दाराशी ओळीने काढलेल्या चपला. एकाच खोलीत दोन इयत्ता बसल्यात. बाईंनी फळ्याच्या मधोमध रेघ ओढलीय. डावीकडे दुसरीची बेरीज, उजवीकडे तिसरीचा गुणाकार.

याच पेडण्यात १९३५ साली शशिकला बांदोडकर यांचा जन्म झाला. गोवा त्यांना ओळखतो तो शशिकलाताई काकोडकर म्हणून. बहुतेकांच्या तोंडी नुसतंच ताई.

पोर्तुगीज अमदानीत मराठी शिकायचं तर कुणाच्या पडवीत नाहीतर देवळाच्या सोप्यावर भरणाऱ्या शाळेत. १९६१ला गोवा मुक्त झाला. १९६३मध्ये ताईंचे वडील, भाऊसाहेब बांदोडकर, पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. शिकवायला माणसं कमी पडली तेव्हा सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडून मास्तर आले. भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, पोर आणि मुंडकाराचं, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, पोर एका बाकावर बसलं, ते या शाळांमध्ये.

(दृश्य: मांडवीकाठ, जुनं सचिवालय)

हा पणजीतला आदिलशहाचा वाडा. विधानसभा तेव्हा इथेच भरायची. १९६७मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाकडून ताई आमदार झाल्या, १९७२मध्ये राज्यमंत्री. ऑगस्ट १९७३मध्ये भाऊसाहेब गेले आणि केंद्रशासित गोव्याची सूत्रं अडतीस वर्षांच्या ताईंकडे आली. त्यांच्यानंतर गोव्यात एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही.

शालान्त परीक्षेसाठी गोव्याची मुलं तोवर पुण्याच्या बोर्डाकडे बघायची. १९७५मध्ये गोव्याचं स्वतःचं शालान्त मंडळ उभं राहिलं, ते ताईंच्याच कारकिर्दीत. मुंडकारांना घरातून हुसकावण्याला आळा घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. १९७९मध्ये पक्षातले आमदार फुटले, सरकार पडलं.

(दृश्य: वर्गात मुलं मोठ्याने वाचतात)

ताईंचं सर्वांत मोठं काम मात्र त्यानंतरचं, आणि ते त्यांनी मुख्यमंत्रिपदावरून केलेलं नाही.

१९९०. आघाडीचं सरकार, ताई शिक्षणमंत्री. अनुदानित शाळेचं गणित समजून घ्यायला हवं: शाळा चालवते खासगी संस्था, पण शिक्षकांचे पगार येतात सरकारी तिजोरीतून. ताईंनी नेमका तिथेच हात घातला. प्राथमिक शाळेचं माध्यम कोंकणी, मराठी किंवा दुसरी एखादी भारतीय भाषा असेल, तरच अनुदान. इंग्रजी माध्यम हवं त्यांनी खुशाल चालवावं, सरकारचा पैसा मिळणार नाही.

तेव्हाचा गोवा आठवा. राजभाषा कोंकणी की मराठी, या वादाला पुरती तीन-चार वर्षंही लोटली नव्हती. कोंकणीवाले आणि मराठीवाले एकमेकांशी धड बोलत नव्हते. ताई मराठीच्या कट्टर बाजूच्या. तरीही या निर्णयात त्यांनी कोंकणीला मराठीच्या बरोबरीने बसवलं. घरात जी भाषा, तीच पहिलीत, एवढी साधी गोष्ट. चर्चच्या संस्थांच्या शाळांनी अनुदानासाठी कोंकणी माध्यम घेतलं. भाषेच्या भांडणात जे कुणाला जमलं नाही, ते या एका आदेशाने केलं, असं आम्ही ठामपणे म्हणतो.

(दृश्य: आझाद मैदान, पणजी)

२०११मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान द्यायचं ठरवलं. ताईंनी पंचाहत्तरी ओलांडली होती. भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या अध्यक्ष म्हणून त्या पुढे उभ्या राहिल्या, आणि ज्यांच्याशी आयुष्यभर वाद घातला ते कोंकणीवाले त्यांच्या शेजारी. सरकार बदललं, अनुदान राहिलं. पटसंख्येअभावी कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांना कुलूप लागलं.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी ताई गेल्या. मंचाची मागणी शेवटपर्यंत तीच होती: पहिली ते चौथी, सरकारी पैसा फक्त आपल्या भाषांतल्या शाळांना.