ग्रीस मारण्याआधी जॉइंट ओळखा

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात सोमवारी सकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजांसमोरून चक्कर मारा. तांबड्या चिखलानं माखलेली एखादी थार, जिम्नी नाहीतर जुनी जिप्सी उभी दिसणारच. आदल्या दिवशी गगनबावड्याच्या बाजूला जाऊन आलेली. मालक उतरतो आणि म्हणतो, "मिस्त्री, स्पीडब्रेकरवरनं खटखट आवाज येतोय, बघा की जरा." मी त्याला आधी एकच विचारतो. गाडीखाली कंपनीचे सोडून बाहेरून बसवलेले आर्म, म्हणजे चाकांचा अ‍ॅक्सल चेसीला धरून ठेवणारे दांडे, आहेत का? आणि असले, तर त्यांना शेवटचं ग्रीस कधी मारलं? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

कंपनीतून आलेल्या गाडीच्या सस्पेन्शनला बहुतेक ठिकाणी रबराचे बुश, म्हणजे सांध्यात बसवलेली रबरी कडी, असतात. त्यांना वंगण लागत नाही. त्यामुळे सस्पेन्शनची निगा राखायची असते हेच आपण विसरून जातो. पण गाडी दोन-तीन इंच उंच केली की आर्मचा कोन बदलतो, अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो. तो जागेवर आणायला लांबी कमीजास्त करता येणारे नवे आर्म बसवतात. २०२० नंतरच्या थारला मागं अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहे, जिम्नीला पुढं-मागं दोन्हीकडं. म्हणजे आर्म आले, आणि प्रत्येक आर्मला दोन टोकं. त्या टोकांवर जे जॉइंट बसतात ते जास्त वळतात, जास्त वाकतात, म्हणून तर आपण ते घेतो. पण त्या बदल्यात ते मालकाकडून काम मागतात. हे विकताना कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मुद्द्याचं बोलतो. सगळ्या जॉइंटना एकच ग्रीस चालत नाही, आणि काहींना ग्रीस चालतच नाही.

रबराचा बुश घ्या. तो वंगणावर फिरत नाही, तो पिळवटतो. आतली नळी बोल्टला घट्ट, बाहेरची आर्मला घट्ट, आणि मधलं रबर पीळ खातं. त्याला साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं, मऊ पडतं. शिकाऊ होतो तेव्हा मी ही चूक केली आहे. एका जीपचा बुश कुईकुई करत होता, मी बोटानं ग्रीस चोपडलं. आवाज बंद झाला, मालक खूश. पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी परत आली तेव्हा बुश नखानं खरवडला तरी निघत होता. रबराची दुसरी गोष्ट अशी की त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळायचा. जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली आल्याबरोबर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. बुश नवा असून फाटला, तर बुश बनवणाऱ्याला बोल लावण्याआधी तो बसवला कसा हे विचारा.

पॉलियुरेथेनचे रंगीत बुश, लाल नाहीतर निळे, मात्र नळीवर खरोखर फिरतात. त्यांना वंगण हवंच, आणि ते सिलिकॉनचं, चिकट आणि जाड. बुशाबरोबर छोटी पुडी मिळते ती फेकू नका. ते कोरडे पडले की एसटीच्या जुन्या दारासारखे ओरडतात.

मग येतो गोळ्याचा जॉइंट. जाड वाटीत लोखंडी गोळा, त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकसारख्या कडक पदार्थाच्या वाट्या, बाहेरून अडवणारी रिंग, आणि अंगावर एक ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड. खरी निगा यालाच लागते. इथं ग्रीसचं काम नुसतं गुळगुळीत करण्याचं नाही. आत शिरलेलं पाणी आणि माती बाहेर ढकलणं, हे त्याचं मोठं काम. जांभ्या दगडाची ती तांबडी माती बारीक असते. पाण्याबरोबर ती आत जाते, पाणी सुकतं, माती राहते, आणि प्रत्येक खड्ड्यात गोळ्यावर पॉलिश पेपर घासावा तशी घासत राहते.

म्हणून ग्रीस मारताना घाई करू नका. आधी निपलचं तोंड फडक्यानं स्वच्छ पुसा. नाहीतर तोंडावरची माती तुम्हीच ग्रीस गननं आत ढकलाल. मग हळूहळू दांडा मारा आणि कडेला काय येतंय ते बघत राहा. सुरुवातीला गंजाच्या रंगाचं, चहासारखं पातळ काहीतरी येतं. मग काळं, करकरीत, बोटांत चोळलं तर वाळू लागते. आणखी मारा. मग तुमच्या गनमधल्या ग्रीसचाच रंग दिसायला लागतो. तिथं थांबा, बाहेर आलेलं पुसून घ्या, कारण ते तसंच राहिलं तर धूळ धरून ठेवतं. स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटला रबरी टोपी असते, तिथं मात्र टोपी जराशी फुगली की हात थांबवा. हाताच्या गनमध्येही टोपी फाडण्याएवढा जोर असतो.

ग्रीस कुठलं? माझं मत, दोन नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर), पाण्याला टिकणारं, आणि एकदा धरलं की तेच. लिथियमचं एक आणि दुसऱ्या जातीचं एक मिसळलं तर कधी कधी दोन्ही पातळ होऊन गळून जातात. जॉइंट बनवणाऱ्यानं काही वेगळं सांगितलं असेल तर त्याचं ऐका. मी दर पाच हजार किलोमीटरला मारतो, आणि गाडी पाण्यात उतरली असेल तर त्याच आठवड्यात. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप जॉइंटवर जवळून धरू देऊ नका. धुऊन आणली की ग्रीस मारा.

चौथा प्रकार रॉड एन्डचा, सळीच्या टोकाला उघडा गोळा असतो तो. त्यात टेफ्लॉनचं अस्तर असेल तर ग्रीस अजिबात नको. त्या अस्तराचा बारीक थर गोळ्यावर चढतो, तेच त्याचं वंगण. तुमचं ग्रीस फक्त माती चिकटवेल. तो फडक्यानं पुसायचा, आणि खुळखुळायला लागला की बदलायचा.

खुळखुळ बघायची रीत सोपी आहे. गाडी जमिनीवर, इंजिन चालू, एकानं स्टिअरिंग थोडं डावीकडं-उजवीकडं हलवायचं आणि दुसऱ्यानं बाजूला उभं राहून पुढचा अ‍ॅक्सल चेसीला आडवा धरून ठेवणाऱ्या रॉडच्या टोकाकडं बघायचं. बोल्टच्या भोवती रॉड वेगळा हलताना दिसला की तिथंच दुखणं आहे. हायवेवर एखाद्या खड्ड्यानंतर गाडीचं नाक थडथडायला लागतं, स्टिअरिंग हातात राहत नाही, ते बऱ्याचदा इथूनच सुरू होतं. अशा गाडीत पोराबाळांना घेऊन घाट उतरू नका. आर्मची लांबी धरून ठेवणारा लॉक नटही बघा. मी नटापासून आर्मवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे. खाली शिरताना मात्र जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा.

मागच्या पावसात एक थार आली होती. मालक व्यवस्थित माणूस, स्वतः गन बाळगणारा. तरी एक जॉइंट पार खाल्लेला. निपल वरच्या बाजूला होतं, चेसीकडं तोंड करून. गाडी सपाट उभी असताना तिथं ना नजर जात होती ना गन. मागचं एक चाक लोंबकळत सोडलं तेव्हा कुठं ते दिसलं. तोंडावर कारखान्यातून आलेला रंग तसाच होता. तेव्हा खाली वाकाल त्या दिवशी आधी आर्मची टोकं मोजा, मग निपल मोजा, आणि जे सापडत नाही ते वरच्या अंगाला हात घालून शोधा.

नमस्कार.