शेजाऱ्याशी भांडा, मग हात वर करा

नमस्कार मंडळी. बॉटनी-झूऑलॉजी घेतलं म्हणजे फिजिक्सपासून सुटलो, अशा समजात एफवायला आलेली पोरं मी दरवर्षी बघतो, आणि टाइमटेबलवर फिजिक्स दिसलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आधी मी पण फळाभर डेरिव्हेशन लिहायचो, ती वहीत उतरवायची, पेपरात जशीच्या तशी ओकायची. हार्वर्डच्या एरिक माझुर सरांचंही असंच चाललेलं. वर्गात बरीचशी मेडिकलला जाणारी मुलं, गणितं पटापट सोडवणारी, पण जड ट्रक आणि हलकी कार धडकली तर कोणाचा कोणावर जोर जास्त एवढं विचारलं की गाडं अडायचं. (दोन्हीकडे सारखाच असतो बरं का, न्यूटनचा तिसरा नियम.) मग १९९१ पासून त्यांनी लेक्चरच मोडलं. प्रश्न टाकायचा, आधी ज्याने त्याने गुपचूप उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं.

मी माझ्या वर्गात रक्तवाहिनी घेतली. दाब तोच, लांबी तीच, फक्त रेडियस निम्मी झाली, तर रक्त किती वाहील? बहुतेक हात 'निम्मं' ला, काही 'पाव' ला. म्हटलं, पटवा शेजाऱ्याला! पाच मिनिटं नुसता गोंगाट, शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले, त्यांना वाटलं मी रजेवर आहे. उत्तर आहे सोळावा हिस्सा, कारण प्रवाह रेडियसच्या चौथ्या घातावर चालतो. हे शोधणारा प्वाझय स्वतः डॉक्टर होता, हे सांगितलं की झूऑलॉजीवाले जरा सरसावून बसतात. खरं रक्त काही पाण्यासारखं सरळ वागत नाही, पण रेडियस वीसच टक्के कमी झाली तरी प्रवाह निम्म्याच्या खाली येतो, हे या हिशोबातून कळतं.

सगळं गोड नाही हां. पोर्शन मागे पडतो. आणि एखादा मोठ्या आवाजाचा असला की बरोबर उत्तरवाला पण त्याच्या मागे जातो, म्हणून आधी एकट्याने लिहून घ्यायचं, ते मी सोडत नाही.

त्या दिवशी तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी आली, वर्षभरात तोंड न उघडलेली. म्हणाली, "सर, माझी आई सिस्टर आहे, अ‍ॅक्सिडेंटच्या पेशंटला ती जाड सुई लावते. ते याच्यामुळेच ना?"