कोरड्या गावातली लाकडी मोटरबोट

श्रोतेहो,

सोलापुरात लाकडी मोटरबोटीच्या जीर्णोद्धारावर व्याख्यान आहे हे कळल्यावर एका स्नेह्यांनी मला विचारले, “बोट फिरवणार कुठे, सिद्धेश्वर तलावात?” प्रश्न थट्टेचा होता, पण मला तो फार नेमका वाटला. बोट पुढे कुठे राहणार आहे, यावरच तिची दुरुस्ती कशी करायची हे ठरते. वर्षाचे बहुतेक महिने पाण्यात असणारी बोट आणि आमच्यासारख्यांच्या अंगणात ट्रेलरवर उभी राहून हिवाळ्यात चार दिवस उजनीच्या जलाशयावर जाणारी बोट, या दोघींना एकच उपचार लागू पडत नाही. या विषयावर जे छापील मार्गदर्शन मिळते, ते बहुतेक पहिल्या प्रकारच्या बोटीचे आहे. ते जसेच्या तसे इथे वापरले, तर मेहनत आणि पैसा दोन्ही वाया जातात.

ज्या बोटींविषयी मी बोलतो आहे, त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा-सात दशकांतल्या, साधारण सोळा ते वीस फूट लांबीच्या पेट्रोल बोटी होत. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अल्गोनॅकची क्रिस-क्राफ्ट आणि इटलीत सार्निकोची रीवा, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध घराणी. रीवाची अक्वारामा ही प्रसिद्ध, पण याहून मोठी बोट 1962 साली आली. बाहेरच्या फळ्या महोगनीच्या, आतल्या बरगड्या बहुधा ओकच्या, अशी त्यांची सर्वसाधारण रचना. पुढे फायबरग्लासचे साचे आले आणि लाकडी मोटरबोटींचे कारखाने एकेक करून त्याकडे वळले. माझ्या अंगणातली बोट यांपैकी कोणत्याही घराण्याची नाही. मुंबईकडे बांधलेली, सागवानी फळ्यांची, अनेक वर्षे एका शेडमध्ये पडून राहिलेली ती एक सामान्य बोट आहे. मात्र रचना तीच असल्यामुळे दुखणीही तीच.

लाकूड तोडल्यावर, वाळल्यावर, रंगवल्यावरही भोवतालच्या हवेशी बाष्पाची देवघेव करत राहते. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यातल्या पाण्याचे प्रमाण सोळा टक्क्यांच्या आसपास स्थिरावू शकते, तर आपल्या एप्रिल-मेच्या हवेत, जेव्हा पारा 42-43 अंशांवर असतो आणि दुपारी हवेत ओल जवळजवळ उरत नाही, तेव्हा तेच प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येते. सागवान हे तसे शांत लाकूड समजले जाते, तरीही आडव्या कापाची 15 सेंटिमीटर रुंदीची फळी या दोन टोकांच्या दरम्यान अडीच ते तीन मिलिमीटर फुगते किंवा आकसते. उभ्या कापाच्या, म्हणजे वलये फळीच्या पृष्ठाला काटकोनात येतील अशा फळीत हा फरक साधारण निम्मा असतो, म्हणून वखारीत फळी निवडताना आधी तिचे टोक पाहावे. शेडमधून आलेल्या बोटीच्या तळाला हाताचे बोट शिरेल अशा फटी दिसतात, त्याचे कारण हे आहे. अशा वेळी घरी येणारा प्रत्येक पाहुणा, आणि दुर्दैवाने काही मिस्त्रीसुद्धा, एकच सल्ला देतात की लांबी (पुट्टी) भरून टाका किंवा वरून फायबरग्लास चढवा. कोरड्या फटीत कडक लांबी भरली आणि नंतर लाकूड फुगले, तर फळ्यांना फुगायला जागा उरत नाही. त्या एकमेकींना रेटतात, स्क्रू उपटतात आणि प्रसंगी बरगडी तोडतात. सुट्या फळ्यांवरच्या फायबरग्लासचेही तसेच होते. फळी हलते, कवच हलत नाही, सांध्यावर चीर पडते, तिथून शिरलेले पाणी बाहेर येत नाही आणि आतले लाकूड कोणाला न दिसता कुजू लागते. लाकडात पाण्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिले की कुजवणाऱ्या बुरशीला पोषक परिस्थिती मिळते. म्हणून कोरडेपणा हा बोटीला कुरूप करतो, पण तिला मारते ती कोंडलेली ओल.

आता तळाविषयी. जुन्या कारखान्यांची पद्धत अशी होती की आतल्या बाजूला पातळ फळ्यांचा एक थर, त्यावर लेप लावलेले कॅनव्हास आणि त्यावर बाहेरच्या फळ्या. ही रचना पाण्यात उतरवल्यावर पहिले काही दिवस गळते. मग लाकूड फुगते, सांधे मिटतात आणि बोट कोरडी होते. ज्यांच्या दारात तळे आहे त्यांच्यासाठी ही पद्धत उत्तमच होती. परंतु आपल्या शहरात, जिथे नळालाच रोज पाणी येत नाही, तिथे प्रत्येक फेरीआधी बोट भिजत ठेवायची म्हणजे शेजाऱ्यांशी वैर पत्करणे आले. यासाठी अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी रूढ केलेली पद्धत मला इथे योग्य वाटते. आतल्या थरासाठी आयएस 710 या भारतीय मानकाचे मरीन प्लायवूड घ्यायचे, त्याच्या कडा आणि दोन्ही पृष्ठे इपॉक्सीने (दोन घटक कालवून घट्ट होणाऱ्या राळेने) बंद करायची आणि बाहेरच्या फळ्या पॉलियुरेथेन या लवचीक चिकटपदार्थाच्या सलग थरात बसवून स्क्रूने आवळायच्या. थ्री-एम कंपनीचे 5200 हे या कामातले सर्वांत परिचित नाव. हा थर रबरासारखा ताणला जातो, त्यामुळे फळ्या आकसल्या-फुगल्या तरी पाण्याला वाट मिळत नाही आणि भिजवत ठेवण्याची गरज राहत नाही. मूळ रचनेशी प्रामाणिक राहणाऱ्यांना हा भ्रष्टाचार वाटतो. संग्रहालयात ठेवायच्या बोटीबाबत मी त्यांचे म्हणणे मान्य करीन. चालवायच्या बोटीबाबत मात्र नाही.

हे काम कोणत्या महिन्यात करायचे, हा प्रश्न याच हिशेबातून सुटतो. मे महिन्यात घट्ट जुळवलेल्या फळ्या ऑगस्टमध्ये एकमेकींना रेटणार, आणि ऐन पावसाळ्यात जुळवलेल्या फळ्या मेमध्ये फटी दाखवणार. म्हणून फळ्या बसवण्याचे काम पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात घ्यावे, आणि आणलेले लाकूड त्याआधी निदान काही आठवडे घरच्याच हवेत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवावे. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र आता सहज मिळते. अंदाजापेक्षा ते बरे. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान आपल्याकडे विक्रीला येते आणि फळ्यांसाठी ते फार चांगले. सागवानाच्या टिकाऊपणाविषयी शंका असणाऱ्यांनी जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याने मुंबई गोदीत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आठवावी. 1817 साली पाण्यात उतरलेले ते सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. जुने लाकूड रंधून घेण्यापूर्वी त्यात लपलेले खिळे मात्र लोहचुंबकाने शोधावेत. शिवाय इतके वाळलेले लाकूड वाफेवर नीट वाकत नाही, त्यामुळे वाकवायच्या बरगड्या पातळ पट्ट्या एकमेकींवर चिकटवून घडवाव्यात. सागवानात नैसर्गिक तेल असल्याने चिकटवण्याच्या अगदी आधी ते ॲसिटोनने पुसावे लागते.

एवढे सगळे होण्यापूर्वी बोटीचा आकार जपला पाहिजे. वर्षानुवर्षे दोनच ठोकळ्यांवर टेकलेल्या बोटीचा कणा वाकलेला असतो. कण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून ते तपासावे, अनेक ठिकाणी टेकू देऊन तो हळूहळू, काही आठवड्यांत सरळ करावा, आणि मगच फळ्या काढायला घ्याव्यात. त्याही एका वेळी एकाच बाजूच्या सगळ्या काढू नयेत. काढलेली फळी कितीही कुजकी असली तरी फेकू नये, कारण नव्या फळीचा नमुना तीच असते. कुजलेला भाग ओळखण्यासाठी टोच्या पुरतो. जिथे तो विनासायास आत जातो तिथले लाकूड गेले असे समजावे. तळाच्या जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासू नये. पाणी लावून, मास्क घालून घासावा आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

इपॉक्सी आपल्या उन्हात फार लवकर घट्ट होते आणि भांड्यात जास्त प्रमाणात कालवले तर स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सकाळी लाकूड तापत असताना त्याच्या छिद्रांतली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि लेपात बुडबुडे सोडते. संध्याकाळी, तापमान उतरत असताना लावलेला लेप उलट आत ओढला जातो. म्हणून हे काम दिवस मावळल्यावर करावे. इपॉक्सीला ऊन सोसत नसल्यामुळे वरून मरीन व्हार्निशचे सहा-सात हात द्यावे लागतात, प्रत्येक दोन हातांमध्ये घासावे लागते, आणि आपल्या हवेतल्या धुळीमुळे हे काम बंद शेडमध्ये, जमीन ओली करून घ्यावे लागते. फर्निचरचे लाखेचे पॉलिश इथे चालत नाही; पाणी लागले की ते पांढरे पडते.

स्क्रू सिलिकॉन ब्राँझचेच घ्यावेत. पितळेतले जस्त पाण्यात झिजून जाते आणि मागे तांब्याचा ठिसूळ सांगाडा उरतो.

इंजिनाविषयी मी थोडक्यात सांगतो, कारण या शहरात त्याचे जाणकार माझ्याहून अधिक आहेत. अडकलेले पिस्टन सोडवणे, शाफ्टचे (पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या दांड्याचे) बुश कातणे, पंपाचा भाग ओतून घेणे ही कामे अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांचे सुटे भाग करणाऱ्या हातांना नवी नाहीत. त्यांना फक्त दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली अशी की हे इंजिन बाहेरचे पाणी ओढून थंड होते, त्यामुळे अंगणात ते सुरू करताना पाण्याची नळी जोडलेली नसेल तर पंपाचा रबरी पंखा पाहता पाहता जळतो. दुसरी अशी की मोटारीचा कार्बुरेटर इथे तसाच बसवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखाली सांडलेली वाफ वाऱ्याने पसरते, पण बोटीत ती तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. म्हणून कार्बुरेटरवर ज्वालारोधक हवा, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी तळातली हवा उपसणारा पंखा निदान चार मिनिटे चालवायला हवा. आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या व वॉशर मऊ करते आणि हवेतले पाणीही शोषते, त्यामुळे इंधनाच्या सगळ्या नळ्या नव्या घालाव्यात आणि टाकीत पेट्रोल भरून बोट महिनोन्‌महिने उभी करू नये.

उजनीवर जाताना पाणीपातळी पाहूनच निघावे. उन्हाळ्यात पाणी इतके मागे सरते की ट्रेलर गाळात रुततो. वाऱ्याची दखल तर घ्यायलाच हवी. 2024 च्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून माणसे दगावली, तेव्हा या जलाशयात लाटा किती उसळतात हे साऱ्या जिल्ह्याने पाहिले. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणालाही बोटीत घेऊ नये, आणि नोंदणी व परवानगीचे काम इंजिन सुरू होण्याआधीच हाती घ्यावे. पहिल्या दिवशी बोट पाण्यात उतरवल्यावर ट्रेलरचा पट्टा लगेच सोडू नये. अर्धा तास तशीच ठेवून आतून टॉर्चने प्रत्येक सांधा पाहावा. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या सांध्यातून, शाफ्ट फिरत असताना, मिनिटाला दोन-तीन थेंब पाणी आलेच पाहिजे, कारण त्या पाण्यानेच तिथले पॅकिंग थंड राहते. ते पाहून घाबरून नट आवळला, तर शाफ्ट तापतो आणि पॅकिंग जळते. थेंबांची धार झाली, तरच नट पाव फेरा फिरवावा आणि पुन्हा थेंब मोजावेत.