सीटखालची हिरवी बनात

[दृश्य: रे रोडजवळचं वर्कशॉप. मागची सीट बाहेर काढलेली, कॅमेरा वरून.]

ही संस्थानी काळातली शिकारीची गाडी. मागच्या सीटची गादी निघाली. आता जी फळी दिसते आहे, ती गाडीचा तळ नाही, बंदुकीच्या गुप्त कप्प्याचं झाकण आहे. डाव्या कोपऱ्यात फळीतच खोवलेली एक पितळी कडी आहे. कडी उभी करून फळी आधी पुढे सरकवायची, मग उचलायची. थेट वर ओढली तर तिची पुढची जीभ मोडते. इथे ती कधीकाळी मोडलेली आहे, आणि कोणीतरी लोखंडी पट्टी मारून वेळ भागवली आहे.

[दृश्य: फळी बाजूला होते.]

आत हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड. कप्प्याची लांबी ३२ इंच, रुंदी ९, खोली जेमतेम ३. एवढ्याशा जागेत बंदूक मावते, कारण इंग्लिश दुनळी तीन भागांत सुटते: जोडनळ्या, नळ्यांखालची लाकडी पकड, आणि चापासकट दस्ता. सगळ्यांत लांब भाग नळ्यांचा. त्या बसल्या की बाकीचे दोन भाग शेजारी आपोआप बसतात. उजवीकडचा लहान खण काडतुसांचा.

गुप्त कप्पा म्हटलं की लोकांना कटकारस्थानं आठवतात. पण असा कप्पा करण्यामागे बहुतेक वेळा मोठं कारण असायचं धुळीचं. उघडी गाडी, कच्चे रस्ते, आणि बंदुकीच्या आतल्या कळींमध्ये बारीक माती शिरली की घोडा ऐनवेळी अडकणार. म्हणून घट्ट झाकण, म्हणून चारही कडांना बनातीची दुहेरी घडी.

[दृश्य: गाडीभोवती संथ फेरी. दिवे, मडगार्ड, पायफळी.]

त्या काळी रोल्स-रॉइस इंजिनासकट नुसती चासी विकायची. बॉडी करायचे बार्कर, हूपर यांच्यासारखे कोचबिल्डर, आणि ती गिऱ्हाईक सांगेल तशी करायचे. कोट्याचे महाराव उमेदसिंह दुसरे यांची १९२५ ची फँटम बार्करने अशीच शिकारीसाठी बांधली होती: मोठे सर्चलाइट आणि शस्त्रं ठेवायची सोय. आपल्याकडे या गाड्यांचं वेड त्याही आधीचं. १९०८ साली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट मुंबई–कोल्हापूर चाचणीत घाट चढून गेली आणि पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांकडे पोचली. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला चाप बसला. कितीतरी जनावरांचा जीव गेल्यावर. गाड्या गोठ्यांत आणि गॅरेजांत उभ्या राहिल्या.

[दृश्य: सुताराचे हात. टोचा लाकडात रुततो.]

बॉडीचा सांगाडा ॲश लाकडाचा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. पाणी कापडी हुडच्या शिवणीतून शिरतं, दाराच्या खांबातून खाली उतरतं आणि बरोबर या कप्प्याच्या मागच्या कडेला साठतं. त्यामुळे आधी तपासायची ती हीच कड. टोचा हलक्या हाताने दाबायचा. पाव इंच सहज गेला तर लाकूड कुजलेलं. ठोकल्यावर भद्द आवाज आला तर आतून वाळवीने पोखरलेलं.

कुजलेलं तेवढंच कापायचं. कप्प्याची अख्खी पेटी नवी करणं सोपं असतं, स्वस्तही पडतं, आणि मुंबईत बहुतेक ठिकाणी तेच होतं. ते चूक आहे, कारण पेटी फेकली की तिच्यावरच्या खुणाही गेल्या. इथे एक इंच जाडीला आठ इंचांचा तिरका काप घेऊन नवा तुकडा जोडला जातो. काप याहून आखूड घेतला तर जोडाला ताकद येत नाही आणि गाडी खड्ड्यात आदळली की तो उघडतो.

[दृश्य: जुना वासा, त्यावरून लोहचुंबक फिरतो.]

नवा तुकडा आहे बर्मा सागाचा, पाडलेल्या चाळीच्या वाशातून आलेला. लाकूड शंभर वर्षं मुरलेलं, त्यामुळे आता ते पिळवटत नाही. चिरण्याआधी लोहचुंबक फिरवायचाच. आत मोडलेला खिळा राहिला तर करवतीचे दात जातात. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायच्या आधी जोडाच्या दोन्ही बाजू थिनरने पुसायच्या, नाहीतर सरस धरत नाही. ओक मात्र या कप्प्यात नको. त्यातून सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाच्या वाफेने शिशाच्या गोळ्या पांढऱ्या पडतात, लोखंड गंजतं.

जोड जनावरी सरसाचा, कारण पुढे कधी उघडायचा झाला तर गरम वाफेने सुटतो. पावसाळ्यात हा सरस नरम पडतो, म्हणून सोबत पितळी स्क्रू. पितळ कठीण लाकडात मोडतं. आधी भोक पाडायचं, त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा आत-बाहेर करून आटे पाडून घ्यायचे, मग पितळी स्क्रूला मेण लावून हाताने बसवायचा. ड्रिल मशीनने नाही. पोलादी स्क्रू तसाच ठेवला तर दोन पावसाळ्यांत गंजून भोवतालचं लाकूड काळं करतो.

[दृश्य: स्क्रूचं डोकं, अगदी जवळून.]

या स्क्रूला सरळ एकच खाच आहे. अधिक चिन्हासारखी फिलिप्स खाच मोटारींत आली १९३६ च्या सुमारास. विसाच्या दशकातल्या गाडीच्या ‘मूळ’ कप्प्यात ती दिसली, तर त्या कप्प्याला नंतर हात लागलेला आहे. खोटे कप्पे आजकाल बरेच दिसतात, कारण शिकारीची गाडी म्हटलं की किंमत चढते. खाली प्लायवूड, फेव्हिकॉलची पांढरी रेघ, लांबच्या लांब पियानो बिजागरी, वर लाल मखमल. शंका आली तर कापडाच्या मागच्या कडेचा एकच धागा काढून जाळायचा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. सिंथेटिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

[दृश्य: तिरक्या प्रकाशात बनात.]

आता ही बनात. समोरून पाहिलं तर नुसतं विटकं कापड. दिवा बाजूला, अगदी जमिनीलगत धरला की दोन समांतर चर उठून दिसतात, आणि एका टोकाला तेलाचा काळपट डाग. नळ्या इथे ठेवल्या जायच्या, डागाकडचं टोक त्यांच्या बुडाचं. चरांची लांबी भरते ३० इंच. वाघावर चालवायच्या दुनळी रायफलीच्या नळ्या सहसा २४ ते २८ इंचांच्या असायच्या. ३० इंच हे माप छऱ्याच्या बंदुकीचं. म्हणजे गाडीबरोबर वाघाची गोष्ट चिकटलेली असली, तरी या कप्प्यातली बंदूक बहुधा बदकं आणि तित्तिरांसाठीची होती. बनात बदलली असती तर हे कधीच कळलं नसतं. म्हणून तिला धुवायचं नाही, इस्त्री तर नाहीच. ब्रशने धूळ सैल करायची आणि जाळी लावलेल्या व्हॅक्यूमने हळूच ओढून घ्यायची. कडीवरचा हिरवा कळंक लाकडी काडीने खरवडायचा, ब्रासोने नाही, कारण ब्रासो कापडात उतरतो.

मुंबईच्या जुलैत हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो आणि ६५ च्या वर बुरशी धरते. लोकर ओल शोषून धरते, म्हणून तिच्यावर लोखंड ठेवायचं नाही. मालकाची बंदूक आता कप्प्यात नसते.

[दृश्य: कागदपत्रं, नंबर प्लेट.]

‘बंदूक जुनी आहे, परवाना कशाला’ हा समज अंगाशी येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा शस्त्रालाच आहे. ठासणीची बंदूक चालत असेल तर परवाना लागतो, मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडून. वारशात विनापरवाना सापडली तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. गाडीसाठी २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट एक: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीत असा कप्पा निघाला, तर आतलं काही हलवायच्या आधी फोटो घ्या: एक वरून, एक बाजूने दिवा धरून, सोबत मोजपट्टी ठेवून. सुटे स्क्रू जागेप्रमाणे वेगवेगळ्या पाकिटांत भरा, प्रत्येकावर जागा लिहा. आत शस्त्र किंवा काडतुसं दिसली तर हात लावू नका, आधी पोलिसांना कळवा. आणि सुताराला बोलवाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, की यातलं किती लाकूड तो ठेवणार आहे.